मुखापाशी मशीन दमतं

४ मार्च

खिळ्या,

आधी हे वाच: कोणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे, म्हणजे गुडघे सोडून. पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या पोटात गोळा आला असेल म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. गोळा यावा अशी माझी थोडी इच्छा होती, ती गोष्ट वेगळी.

हे पत्र होडीच्या मशीनबद्दल आहे. दुसऱ्या कशाबद्दल नाही. तू नऊ वर्षांपूर्वी अण्णांशी भांडून निघून गेलास, त्याबद्दल नाही. अण्णा गेले तेव्हा तुझं दोन ओळींचं पत्र आलं, तेही महिना उलटून गेल्यावर, त्याबद्दल तर नाहीच नाही. फोन करता आला असता. पण तुझा आवाज ऐकला की मी भांडणार, आणि भांडून झाल्यावर मशीनचं विचारायचं राहून जाणार. कागदावर मला जरा थांबता येतं.

तर मशीन. सुरू होतं. दोरीच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या ओढीला होतं. हळू चालवलं की शहाण्यासारखं चालतं. वेगाची मूठ अर्धी पिळली तरी ठीक. त्यापुढे कितीही पिळ, होडी ढिम्म. आवाज जड होतो आणि तिथेच अडकून राहतो. पूर्वी नाक वर करून कशी सुसाट सुटायची आपली होडी, आठवतं? आता नाक वर येतच नाही.

रोजच्या कामाला एवढं पुरतं. या काठावरून त्या काठावर माणसं न्यायची. शाळेच्या बाई, टोपलीवाल्या, पोस्टमन. त्यांना कुठे घाई असते? खाडीच्या आतल्या पाण्यात अर्ध्या मुठीत भागतं, त्यामुळे काही बिघडलंय हे मला कळलंच नव्हतं. मागच्या आठवड्यात खाडी समुद्राला मिळते त्या मुखापर्यंत गेले तेव्हा कळलं. धारेत शिरले, मूठ शेवटपर्यंत पिळली, आणि होडी जागच्या जागी. बाजूचा काळा खडक तिथेच. मग खडक हळूहळू पुढे जायला लागला, म्हणजे मी मागे. मुकाट्याने वळवली आणि घरी आले.

मुखाशी कशाला गेले होते म्हणशील. मुखापलीकडच्या बेटावर मावशी पडली, कंबरेचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली आहे. तिथल्या दीपगृहवाल्याने निरोप आणला, तिच्याच शब्दांत: "तिला म्हणावं आत्ता येऊन जा. मागाहून आलीस तर भिंतींशी बोलावं लागेल." आईने ऐकलं आणि हातातली परात खाली ठेवली. तेव्हापासून घरात एकच विषय आहे.

मोठी लाँच बेटावर जायची ती कधीच बंद झाली. कोळ्यांच्या होड्या जातात, पण आई म्हणते, "यांच्या होडीशिवाय दुसऱ्या कशात मी पाण्यावर पाय ठेवणार नाही." किती समजावलं. तुला ठाऊक आहे ती कशी आहे. मे महिन्यात वारा फिरला की मुखातून कोणालाच जाता येत नाही, आणि पुन्हा वाट मोकळी होईपर्यंत मावशी राहील असं दीपगृहवाल्याला वाटत नाही.

बाजारातल्या मिस्त्रीला दाखवलं. त्याने झाकण उघडलं, आत बघितलं आणि म्हणाला, "हे कोणत्या कंपनीचं आहे?" मी म्हटलं, दोन कंपन्यांचं. तो हसला आणि नवीन घ्या म्हणाला. या मशीनच्या पोटात काय आहे ते जगात दोनच माणसांना माहीत होतं, त्यातलं एक आता नाही. म्हणून तुला लिहिलं.

लवकर कळव. फक्त मशीनचं.

ताई

१९ मार्च

खिळ्या,

तुझं उत्तर मिळालं. ना मायना, ना सही. डॉक्टरसुद्धा चिठ्ठीवर खाली काहीतरी खरडतो रे. आईने पाकीट मागून पुढून पाहिलं आणि म्हणाली, "कागद चांगला वापरतो हल्ली." एवढंच. मग ते पाकीट कुठे गेलं ते मला विचारू नकोस. मी तिच्या उशीखाली हात घालायला जात नाही.

तू सांगितलंस तसं सगळं केलं.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू: उघडाच असतो. मला काय तू काल पाण्यावर आलेली समजतोस? हवा आत गेली नाही तर पेट्रोल बाहेर येणार नाही, हे तू लंगोटीत होतास तेव्हापासून मला माहीत आहे. तरीही तू म्हणालास म्हणून पूर्ण काढून फुंकर मारली. फरक नाही.

नळी: वाकलेली नाही, चिरलेली नाही. आतून सोलून लोंबत असेल म्हणालास म्हणून नवीनच घातली. फरक नाही.

नळीच्या मधला रबरी फुगा: पूर्ण मूठ पिळलेली असताना तो दाबून बघ म्हणालास. अरे, एक हात मुठीवर, दुसऱ्याने होडी धरलेली, फुगा कशाने दाबू? शेवटी चप्पल काढून पायाने दाबला. दाबत राहिले. वेग तसूभर वाढला नाही. शाळेच्या बाई समोर बसल्या होत्या, त्यांना वाटलं मला पायात पेटके आलेत. त्या त्यांच्या पर्समधला बाम काढायला लागल्या.

तू लिहिलंस की फुगा दाबून वेग वाढला नाही तर पेट्रोल पोचतंय, मग दुसरीकडे बघू. ठीक आहे. बघ.

एक सांगते, मशीनचंच आहे. काल झाकण उघडून बसले तेव्हा सगळं आठवलं. तुम्ही दोघांनी दोन भंगार मशीनांचं हे एक केलं तो हिवाळा. जेवायच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर नटबोल्ट मांडलेले, आणि आपण सगळे भिंतीला टेकून मांडीवर ताटं घेऊन जेवायचो. आईची एवढी चिडचिड. पिठाच्या डब्यात एक स्प्रिंग निघाली तेव्हा तिने ती पोळपाटावर आपटली आणि म्हणाली, "हेच लाटून वाढू का?" अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तू तोंडात दोन खिळे धरूनच हसत होतास. आईला वाटायचं एक दिवस तू गिळणार. त्यावरूनच तर तुझं नाव पडलं.

पहिल्यांदा ते सुरू झालं तेव्हा पाण्याच्या पिंपात उभं केलं होतं, अंगणात. सगळीकडे पाणी उडालं, धूर झाला. अण्णा ओरडले, "बोलतंय! बोलतंय!" मी आतून धावत आले तर तुम्ही दोघं भिजून उभे, एकमेकांचे खांदे धरून. मला आजही कोणी सुख म्हटलं की तेच दिसतं.

असो. पुढचं काय करायचं ते लिही.

ताई

२ एप्रिल

खिळ्या,

या वेळी सही केलीस. प्रगती आहे.

दोन्ही प्लग काढले. टोकं भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाची आहेत, दोन्ही सारखी. म्हणजे दोन्ही बाजू जळतायत, असं तूच लिहिलंय. तरी खात्रीसाठी चालू मशीनमध्ये एकेक टोपी काढून बघ म्हणालास, कोरडं फडकं घेऊन. फडकं घेतलं होतं. कोरडं नव्हतं. झटका असा बसला की तुझे पूर्वज आठवले, म्हणजे माझेही. पण कळलं ते कळलं: कुठलीही टोपी काढली तरी मशीन अडखळतं, म्हणजे दोघंही कामावर आहेत.

कार्ब्युरेटर खोलला. मिस्त्री बारीक तार घालायला निघाला होता, त्याचा हात धरला. तार घातली की भोक मोठं होतं, फुंकूनच साफ करायचं, हे तुझ्या पत्रात दोनदा लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुमचे बंधू फार कडक दिसतात." मी म्हटलं, बंधूंना बोलायचं जिवावर येतं, लिहितात मात्र भरपूर. साफ केला, बसवला. फरक नाही.

बंद मशीनमध्ये मूठ पूर्ण पिळून पाहिली. आतली झडप पूर्ण उघडते. तारही ताणलेली आहे.

मग पाण्यातला पंखा. मधल्या रबरावर आणि बाहेरच्या कड्यावर मिळून एक रेघ ओढ, आणि पळवून आल्यावर रेघ तुटली का ते बघ म्हणालास, म्हणजे रबर आतल्या आत घसरतंय का ते कळेल. नखांना लावायचा जुना लाल रंग होता माझ्याकडे, लग्नाच्या वेळचा. लग्न टिकलं नाही, रंग टिकला. रेघ ओढली, मुखापर्यंत जाऊन आले. रेघ जशीच्या तशी.

आता मला सांग, प्लग ठीक, पेट्रोल ठीक, हवा ठीक, झडप ठीक, पंखा ठीक, मग गेलं कुठे सगळं बळ? मुखाशी गेलं की दमतं. म्हातारं झालं का? झालं असेल तर तसं लिही, मी आईला तसं सांगते. रोज सकाळी ती विचारते, "बोललं का ते?" मशीनला ती अजून बोलणं म्हणते, अण्णांसारखं.

दीपगृहवाला काल येऊन गेला. मावशी आता दिवसाचा बराच वेळ झोपून असते, जागी झाली की दरवाजाकडे बघते, म्हणाला. आईने त्याच्याबरोबर तिच्यासाठी मऊ भाताची पेज पाठवली. पेज बेटावर पोचेपर्यंत आंबणार हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तरी पाठवली.

तू विचारलेलं एक राहिलं. ते पुढच्या वेळी लिहीन. त्याचा मशीनशी संबंध नाही.

ताई

११ एप्रिल

खिळ्या,

तुझ्या अख्ख्या पत्रात एकच शब्द. "तळ?"

एवढ्या लांबून एका शब्दाला तिकीट लावून पाठवतोस. अण्णांवर गेलास. तेही असंच करायचे, बोट टेकवायचे आणि गप्प.

बरं. लिहिते.

होडीचा तळ चार वर्षं घासलेला नाही. वर्षातून एकदा वर ओढते, उलटी करते, मऊ ब्रशने शेवाळ काढते, धुते आणि परत पाण्यात. शेवाळ निघतं. पण ते बारीक टणक शिंपले असतात ना, दगडाला चिकटतात ते, ते निघत नाहीत. त्यांच्यावर नवे बसतात. हात फिरवला तर सोलवटून निघेल. ते सगळं ओढत मशीन चालतं हे मला कळत नाही असं नाही. कळतं. पण इतकं असेल असं मी मानायला तयार नव्हते. मशीनमध्येच काहीतरी निघेल, एखादा बारीकसा स्क्रू, असं मला वाटत राहिलं. वाटत कसलं, मी नवसच बोलायची बाकी होते.

कारण ऐक. तळाचा तो रंग अण्णांच्या हातचा आहे.

त्या वर्षी त्यांना धाप लागायची. मी म्हटलं मी रंगवते, तर ऐकेनात. बुटक्या स्टुलावर बसून रंगवली, थोडी रंगवायची, थोडा श्वास घ्यायचा. एरवी एका दिवसाचं काम, आठवडा लागला. निळा रंग. त्या रंगाचा वास अंगणात असतानाच ते गेले. होडी पाण्यात गेली ती त्यांच्याशिवाय.

पुढच्या वर्षी मी पट्टी घेऊन खरवडायला बसले. आई आली आणि होडीसमोर उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "याला हात लावायचा नाही." तू असतास तर तूही लावला नसतास. तेव्हापासून मी ब्रश फिरवते आणि ती खुर्ची टाकून बसते, माझ्यावर नजर ठेवून. ब्रश जरा जोरात फिरला की खाकरते.

म्हणून ती दुसऱ्या होडीत बसायला तयार नाही. तिला बहिणीकडे जायचंय ते त्यांच्यासोबत जायचंय. आणि तो रंग खाली आहे तोवर ती होडी मुखातून बाहेर पडत नाही. कशी गंमत आहे बघ. कोणाला सांगावं तर हसतील.

मी ठरवलंय की तिला न सांगता करायचं. एक दिवस तिला डॉक्टरकडे सोडायची, तेवढ्यात खरवडायची, आणि तसाच निळा रंग आणून फासायचा. तिची नजर अधू झालीय, कळणार नाही. बरोबर ना? बरोबर आहे असं लिही. एकदा तरी माझ्या बाजूने बोल.

ताई

२४ एप्रिल

खिळ्या,

चार पानं! पोस्टमन म्हणाला, "आज जड आहे, काही आलंय का?" मी म्हटलं, भाऊ आलाय थोडासा.

तू माझ्या बाजूने बोलला नाहीस. "चोरून करू नकोस, आईला विचार." किती राग आला म्हणून सांगू. तिकडे बसून सांगायला काय जातं? पण पुढची पानं वाचली आणि राग राहिला नाही.

तू लिहिलंस की अण्णांची बातमी कळली तेव्हा तू कामाला होतास ते जहाज बंदरापासून फार दूर होतं. तू खाली इंजिनांपाशी गेलास, एक चांगला चालणारा पंप उगाचच खोललास, सगळे भाग पुसून परत बसवलास, आणि मग पुन्हा खोललास, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. हे तेव्हाच लिहायला काय धाड भरली होती तुला, गाढवा? दोन ओळी पाठवल्यास. मी त्या दोन ओळी घेऊन चार वर्षं तुझ्यावर दात खात बसले. होडी विका आणि शहरात चला, असं तू म्हणालास म्हणून अण्णांनी तुला बाहेरचा रस्ता दाखवला, ते माझ्यासमोरच घडलं होतं. पण नंतर ते रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसायचे, हे तुला मी कळवलं नाही. आत्ता कळवते. विचारलं तर म्हणायचे, "दोर बघतोय." दोराला काही झालेलं नव्हतं.

तर आईला विचारलं. सकाळी, ती शेंगा सोलत होती तेव्हा. सगळं सरळ सांगितलं, मशीनमध्ये काही दोष नाही, खिळ्याने एकेक करून सगळं तपासायला लावलं, दोष तळाला आहे. ती शेंगा सोलत राहिली. मी म्हटलं, "आई, ऐकतेयस ना?" तर म्हणाली, "मी बहिरी नाही." आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची ते ताट पुढे सरकवून.

परवा सकाळी उठले तर दार उघडं. अंगणात गेले, कोणी नाही. पायवाटेने खाली किनाऱ्यावर गेले. होडी मी आदल्या दिवशी वर ओढून उलटी घातली होती. तिच्याजवळ आई, अण्णांच्या बुटक्या स्टुलावर, हातात स्वयंपाकघरातलं उलथनं. खरवडत होती. निळे कपचे तिच्या केसांत, मांडीवर, चपलेवर.

तिनेच तोंड उघडलं. "बघतेस काय? पट्टी आण. उलथन्याने काय होणार आहे?"

मी म्हटलं, "आई, नको करूस तू. मी करते."

"तू काय करणार! चार वर्षं बिनघासली होडी पाण्यात. हे असते तर तुझी खरडपट्टी काढली असती." आणि मग, उलथनं खाली ठेवून: "माझीच काढली असती."

खरं आहे ते. अण्णांनी कधी कुठला रंग दुसऱ्या वर्षापर्यंत राहू दिला होता का? दर वर्षी लाकूड दिसेपर्यंत घासायचे. आपण दोघं होडीखाली उताणे पडून, डोळ्यांत नाकात भुगा. आणि मग ते डोळे मिटून तळहात फिरवायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. कुठे खडबडीत लागलं की नुसतं बोट टेकवायचे. मग आपण तिथे पुन्हा घासायचं. तू कंटाळून रडायचास, आणि मी तुझ्या वाटणीचं घासायची, आणि तू ते आज सोयीस्कर विसरला असशील.

आम्ही दोघींनी मिळून घासली. शिंपल्यांनी माझी बोटं फाटली. टोपलीवाल्या मदतीला आल्या, आईने त्यांना पाणी दिलं आणि परत पाठवलं. शेवटी एका बाजूला, पाण्याच्या वर राहतो त्या भागात, हाताच्या पंजाएवढा निळा रंग अजून चांगला होता. मी म्हटलं, एवढा राहू दे. आई म्हणाली, "ठिगळ कशाला?" आणि तोही काढला. मला वाटलं होतं एखादा कपचा ती पुरचुंडीत बांधून ठेवील. तिने झाडू घेतला, सगळे गोळा केले आणि कचऱ्यात टाकले. मग हात धुतले. मीच रडले. ती नाही.

डोळे मिटून हात फिरवला मी. कुठे बोट टेकवावं लागलं नाही.

आता रंग वाळतोय. हिरवा आणलाय. आईने निवडला.

ताई

९ मे

खिळ्या,

गेलो. पोचलो.

सकाळी निघालो तेव्हा वारा नव्हता. आई मधल्या फळीवर, मांडीवर गाठोडं घेऊन. गाठोडं एवढं मोठं की मी म्हटलं, दोन दिवसांसाठी घर हलवतेस की काय. "मावशीला लागेल ते घेतलंय," म्हणाली. आतल्या पाण्यात मी अर्ध्या मुठीवरच चालवत होते. मुख दिसायला लागलं. काळा खडक आला. धार नेहमीसारखीच, फेसाळलेली, चिडलेली. आई म्हणाली, "पिळ."

पिळली. खिळ्या, काय सांगू! होडीने नाक वर केलं. आवाज चढत गेला, मोकळा, स्वच्छ, तो पूर्वीचा आवाज, पिंपातल्या पहिल्या दिवसाचा. खडक मागे पडला. बघता बघता मागे पडला! आईच्या तोंडावर पाणी उडत होतं आणि ती दोन्ही हातांनी गाठोडं धरून ओरडत होती, "बोलतंय! बोलतंय!" अगदी अण्णांसारखी. आणि मी हसत होते की रडत होते, देव जाणे. तू हवा होतास. हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणतेय.

बेटावर दीपगृहवाल्याने हात देऊन आईला उतरवलं. मावशीचं घर तसंच आहे, दीपगृहाच्या पायथ्याशी, दार निळसर, आत खाटेवर मावशी, इतकीशी झालेली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता गळ्यात पडतील. मावशी म्हणाली, "किती म्हातारी झालीस गं." आई म्हणाली, "आरशात बघितलंस का तू?" आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. कोणी कोणाची बाहुली मोडली होती, आजोबांनी कोणाला जास्त मारलं, पेरूचं झाड कोणत्या कोपऱ्यात होतं. मी स्वयंपाक केला, भांडी घासली, आणि त्या दोघी खाटेवर शेजारी शेजारी आडव्या, छताकडे बघत भांडत होत्या. मावशी त्या दिवशी दुपारी झोपली नाही.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याने कूस बदलली. दीपगृहवाला म्हणाला, "जायचं असेल तर आत्ता, नंतर वाट बंद." मी सामान उचललं. आई खाटेच्या कडेला बसून मावशीचे केस विंचरत होती. म्हणाली, "तू नीघ."

"आणि तू?"

"मी इथे राहते. हिला कोण आहे?"

तेव्हा मला ते गाठोडं कळलं. मला राग आला. मी म्हटलं, हे आधीच ठरवलं होतंस का? ती म्हणाली, "होडी घासताना ठरवलं. त्या रंगाशी मी बोलत बसायचे, तू बघत नसताना. आता माणसाशी बोलेन. थोडे दिवस का होईना, माणसाशी." मला तोंडापर्यंत आलं होतं, आई गं, मीसुद्धा माणूसच आहे. बोलले नाही. मावशी बघत होती.

मग ती मला दारापर्यंत सोडायला आली, गुडघ्यावर हात ठेवत. म्हणाली, "त्याला बोलाव. तू रागावलीस की तुझ्यापाशी कोणीतरी हवं, नाहीतर तू भांड्यांवर राग काढतेस."

परत येताना होडी रिकामी. हलकी म्हणजे किती हलकी. मुखातून बाण सुटावा तशी आले. त्यानंतर चार दिवस वारा पडलेला नाही. मुख बंद झालं. आता आई निदान ऑक्टोबरपर्यंत तिकडे. मावशी तोवर असेल की नसेल, माहीत नाही. आई एकटी तिथे काय करेल, तेही माहीत नाही. असेल तर दोघी भांडतील. नसेल तर मी आणायला जाईन, पहिली वाट मोकळी झाली की. मशीन नेईल, त्याची आता काळजी नाही.

आणि तीच तर अडचण आहे, खिळ्या. मशीन उत्तम चालतंय. तुला विचारण्यासारखं काही उरलंच नाही. सकाळपासून बसून विचार करतेय, काय बिघडलंय असं लिहू? पेट्रोल गळतंय लिहू? दोरी तुटली लिहू? तू लगेच लिहून पाठवशील, दोरी अशी बांध, नळी तशी बदल, आणि पुन्हा सही करून मोकळा होशील.

काही बिघडलेलं नाही. मला करमत नाही. घरात मी एकटी आहे आणि मला अजिबात करमत नाही. तू ये.

ताई